उर्वीची नाळ

“गाडीत बोंबलाचा वास येतोय,” शुभदाताई पुटपुटल्या.

त्यांच्या मते हे मनातल्या मनात होतं. पण मधल्या सीटवर त्या, उर्वीला मांडीवर घेतलेली दिशा आणि पलीकडे कमळाबाई अशा तिघी जणी खेटून बसलेल्या. एवढ्या दाटीत माणसाने नुसता विचार केला तरी शेजारणीच्या खांद्याला कळतो.

“येनारच,” कमळाबाई काचेबाहेर बघत म्हणाल्या. “खाडी जवल आली ना.”

गाडी माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला उभी होती. खाडीला अजून बराच अवकाश होता. शुभदाताईंनी रुमाल नाकाकडे नेला, विहीणबाईंना दिसेल इतपत, पण लागणार नाही इतपत.

स्टिअरिंगवर दिशाचे वडील काळुराम. शेजारी त्यांचे व्याही बाळासाहेब, म्हणजे शुभदाताईंचे यजमान. साऱ्या डोंबिवलीत त्यांना नुसतं बाळ म्हणतात आणि सत्तरीला टेकले तरी कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बाळच्या हातात खारकोट किल्ल्याचा स्वतः काढलेला नकाशा. सगळ्यात मागे, नारळाची पिशवी आणि डायपरची पाकिटं यांच्या मधोमध, सौमित्र. जावयाला पुढे बसवायचा आग्रह सासऱ्याने केलेला. बाळ आधीच पुढे जाऊन बसलेले.

वास खरा होता. तो कमळाबाईंच्या कमरेच्या चंचीतून येत होता. चंचीत लाल कापडाची पुरचुंडी, आणि पुरचुंडीत सुक्या बोंबलाचा शेपटाकडचा तुकडा, हळदीत घोळून काळ्या दोऱ्याने बांधलेला. दोन दिवस त्यांनी तो गच्चीवर उन्हात ठेवला होता आणि मांजर येऊ नये म्हणून स्वतः छत्री घेऊन राखण केली होती. काळुरामांनी विचारलं तर म्हणाल्या, व्हिटॅमिन डी घेते.

हा तुकडा आज उर्वीची नाळ होणार होता.

खारकोटच्या वाडीचा रिवाज असा. लेकीचं पहिलं मूल वर्षाचं व्हायच्या आत किल्ल्यातल्या कोटाय देवीला दाखवायचं. बाळाची गळून पडलेली नाळ घरोघर डबीत जपून ठेवलेली असते, ती वाडीतल्या सगळ्यात थोरल्या बाईच्या, सध्या रंभाआत्याच्या, हातात द्यायची. ती बाई नाळ देवीला लावते आणि मुलाच्या आईला विचारते, कोनाचे पोटचा? आई म्हणते, माजे. मग भरतीच्या पाण्यात नाळ सोडतात. झालं. त्यानंतर ते मूल वाडीचं. लग्नाच्या हळदीला त्याच्या कपाळाला बोट लागतं, पंगतीत पान मांडलं जातं, आणि मोठं झाल्यावर शिव्याही हक्काच्या मिळतात.

उर्वीची नाळ कुठे पडली ते मात्र यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. उर्वी त्यांच्याकडे आली तेव्हा चार महिन्यांची होती, संस्थेच्या बाईंच्या कडेवर, दुसऱ्या कुणाचा तरी गुलाबी फ्रॉक घालून.

यासाठी एक शब्द आहे. उर्वी सोडून त्या गाडीतल्या सगळ्यांना तो येत होता. पण घरात तो कधी उच्चारला गेला नव्हता. डोंबिवलीत ‘उर्वी आल्यापासून’ म्हणत. माजिवड्याला, दिशाच्या माहेरी, ‘बाय घरी आल्यापासून’. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी पाव्हणी म्हणून आली आणि राहून गेली. सोसायटीत कुणी विचारलं, “कुणावर गेलीये हो?” तर शुभदाताई ताबडतोब म्हणायच्या, “आमच्या सासूबाईंवर.” सासूबाईंचा एकच फोटो उरलेला, तोही हललेला. पडताळायची सोय नव्हती.

कमळाबाई त्याहून पुढे गेल्या होत्या. वाडीत त्यांनी सांगितलेलं की दिशाला डॉक्टरने पलंगावरून उतरायला मना केलंय. मग पोर अवेळी झाली. मग तिला काचेच्या पेटीत ठेवलं, कुणाला भेटू देत नाहीत. इतकं तपशीलवार, की अलीकडे त्यांना स्वतःलाच त्या पेटीबाहेर ताटकळत उभं राहिल्याचं आठवायचं, आणि पाय दुखायचे.

“आये,” दिशा म्हणाली, “एकदा परत सांगते. रंभाआत्याने विचारलं तर मी ‘माझ्या’ बोलणार नाही.”

“एक सबुद हाय गो.”

“माहितेय.”

“‘माजे.’ बस. कोटाय काय कोर्ट हाय? शपथ घ्याला लावतेय तुला?”

“आये, त्या संस्थेतल्या मॅडम काय बोललेल्या? हिला पहिल्या दिवसापासून खरं सांगायचं. मी रोज झोपवताना सांगते हिला, आम्ही तुला आणायला गेलेलो, तू शिंकलीस, बाबा घाबरला. आणि देवीपुढे उभं राहून पहिलंच वाक्य खोटं?”

“तिला काय कलतंय?”

“मला कळतंय ना.”

कमळाबाई खिडकीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तुला कलतंय. मना जास्त कलतंय. तुजे लग्नानंतर वाडीतल्या हळदीला मी जायची ना, तवा बाया माजे पुढ्यात बोलाच्या. बामनाचे घरान दिली, आता बसा वाट बघत. मी भाकऱ्या थापाची आन् हसाची. ते हसू तू केलंस का कदी? नाय ना. मंग?”

मागून सौमित्र म्हणाला, “आपण सगळे थोडं रिलॅक्स होऊया का?”

“तू गप,” तिघीही एकदम म्हणाल्या. गेल्या वर्षभरात त्या तिघींचं एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद असावी.

पुढच्या सीटवर काळुरामांनी गाण्याचा आवाज वाढवला आणि बाळनी नकाशा उलटा धरला.

शुभदाताईंनी या वादात भाग घेतला नाही, याला कारण होतं. त्यांच्या पर्समध्ये, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये, कापसात गुंडाळलेला सुंठीचा एक तुकडा होता. नाळेचा रिवाज त्यांना सौमित्रने फोनवर सहज सांगितलेला, आणि सहज सांगितलेल्या गोष्टींनीच त्यांची झोप उडते. विहीणबाई चारचौघांत उघड्या पडणार! लग्नात पंगतीच्या मटणावरून दोघींचं जे वाजलं त्याला वर्षं लोटली, तरी शुभदाताईंना अजून कमळाबाईंचं मोकळं हसणं, मोकळं बोलणं आणि मोकळी मासळी झेपत नव्हती. पण या बाईची मान खाली जावी असं त्यांना वाटेना. सुंठ त्यांनी किसणीवर घासून आकार आणला. चांगली जमली होती. सौमित्रची खरी नाळ त्यांनी पाहिलेली, त्यामुळे नमुना डोळ्यांसमोर होता.

एकमेकींना विचारलं असतं तर एकीचे तरी कष्ट वाचले असते. पण विचारायचं म्हणजे आधी तो शब्द उच्चारायचा.

*

खारकोट किल्ला खाडीच्या तोंडाशी आहे. घोडबंदर रोड सोडून खाली उतरलं की मिठागरांचे बुजलेले चौकोन लागतात, मग वाडी, मग तट. दरवाज्याची कमान अर्धी शाबूत. सरकारी निळ्या फलकावरचा मजकूर उन्हाने खाल्लेला. फक्त ‘दंडनीय अपराध आहे’ एवढं वाचता येतं. कसला, ते प्रत्येकाने आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार ठरवावं.

“या दरवाज्याचं वैशिष्ट्य लक्षात घ्या,” बाळ कमानीखाली उभे राहून म्हणाले. नोकरीत असताना त्यांनी जन्मभर पाण्याच्या पाइपांची चित्रं काढली. निवृत्तीनंतर किल्ले हाती लागले. “किल्ला पोर्तुगीजांचा, असं लोक म्हणतात. अर्धवट ज्ञान! त्यांच्या आधी इथे गढी होती. गढीच्या आधी देऊळ, शिलाहारांच्या वेळचं. आणि देवळाच्या आधी बंदर. हा दगड बघा.”

सगळ्यांनी दगड पाहिला. तटाच्या ओबडधोबड दगडांत एक कोरीव दगड बसवलेला. त्यावर कमळ, पण खाली डोकं वर देठ.

“उलटा बसवलाय,” काळुराम म्हणाले.

“अगदी बरोबर! कारण बसवणाऱ्याला ते कमळ आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. म्हणजे हा दगड मूळचा या भिंतीचा नव्हेच. याचा जन्म दुसरीकडचा. तिथून आणला—”

“अहो, पाणी प्या,” शुभदाताई म्हणाल्या.

“मला तहान नाही.”

“प्या.”

बाळ पाणी प्यायले. ओठ पुसून म्हणाले, “तर मूळ घराणं कुठलं, हे शोधायचं झालं तर—”

“बाबा, हिला जरा धरता का?” सौमित्रने उर्वीला त्यांच्या हातात कोंबलं. “टोपी घालायचीय.”

“टोपी घातलेली आहे.”

“मग काढायचीय.”

उर्वीने आजोबांचा चष्मा ओढला आणि शिलाहार तिथेच थांबले. आपण नेमकं काय वावगं बोलतोय हे बाळना कळलं नाही. इतिहासच असा आहे, त्याला ते तरी काय करणार? कुठल्याही वाक्याने सुरुवात करा, दोन पावलांवर कुणीतरी कुणाचं तरी आणून आपलं केलेलं असतं.

कोटायची घुमटी पाण्याकडच्या बुरुजाच्या पोटात आहे. तिथे फक्त बायका जातात; पुरुषांनी वरच्या पायरीवर थांबायचं. कमळाबाई पुढे झाल्या, पदर खोचलेला, चंचीवर एक हात. त्यांच्यामागे चार पावलांवर शुभदाताई, पर्सवर एक हात. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघींना पाकीटमारांची भीती आहे.

दिशा मुद्दाम मागे रेंगाळली. सौमित्र उर्वीला घेऊन तिच्याजवळ आला.

“बोलून टाक ना,” तो हळूच म्हणाला. “एक शब्द तर आहे.”

“म्हणूनच तर. लांबलचक असतं तर त्यात कुठेतरी खरं मिसळता आलं असतं.”

“आणि नाही बोललीस तर?”

“तर काय?”

“तर रंभाआत्या नाळ परत देणार. म्हणजे जे काही तुझ्या आईने आणलंय ते. मग इथे कुणाच्या लग्नात उर्वीला कुणी हळद लावणार नाही. ती मोठी झाल्यावर विचारेल, सगळ्यांना लावतात, मला का नाही. तेव्हा काय सांगशील?”

“खरं सांगेन.”

“आणि तिला बरं वाटेल?”

ही सौमित्रची जुनी सवय. वर्षभर ‘रिलॅक्स होऊया’ म्हणत राहायचं आणि नको तेव्हा एखादी नेमकी गोष्ट बोलून जायची.

“मला दोन्ही पायजेत,” दिशा म्हणाली. “तिला हळद पण पायजे, आणि खरं पण.”

“दोन्हीचा सेट मिळत नाही बहुतेक.”

“तू ना, सौमित्र, किल्ल्यावरून ढकलायच्या लायकीचा आहेस.”

“बघ, माझं वजन वाढलंय. तुझ्या आईचे घावणे.” त्याने उर्वीला तिच्याकडे दिलं. उर्वीच्या मुठीत बाळचा चष्मा होता. तो सोडवून घेण्यात दोघांची डोकी एकत्र आली.

*

वरच्या पायरीवर दोघे व्याही बसले. खाली खाडीचं पाणी तटाला लागत होतं. भरती यायला लागलेली.

“व्याही,” काळुराम म्हणाले, “यो किल्ला मंग कोनाचा? सांगाच एकदा.”

“कुठल्या काळात विचारता त्यावर आहे. आधी राजाचा, मग सुलतानाचा, मग फिरंग्यांचा, मग आपला, मग इंग्रजांचा.”

“आन् आता?”

“आता सरकारचा.”

“सरकारचा नाय हो. सरकार येतंय कवा इकडं? माजा बा मिठागरावरनं थकून यायचा ना, तो ह्या पायरीवर झोपायचा. मना इथंच शोधाला यायची आई. मी तर बोलतो, ज्याची झोप इथं लागते त्याचा.”

बाळना हा निकष इतिहासाच्या शिस्तीत बसवता येईना, पण त्यांनी मान डोलावली. मग चाचरत म्हणाले, “काळुरामजी, मघाशी मी... म्हणजे ते दगडाचं... माझ्या मनात तसलं काही नव्हतं.”

“मना ठाव हाय.” काळुराम नारळ हातात फिरवत राहिले. “मना तर बाय घरी आली ना, त्याच्या दुसरे दिवशी वाटलं, हिला खांद्यावर बसवून आख्खे वाडीत फिरवावी. बँड लावून. कमला बोलली, थांबा. कशाला थांबा? तर बोलली, थांबा. मी थांबलो. अजून थांबलोय.” त्यांनी खाली पाहिलं. “ही आता आत काय करतेय देव जाणे. दोन दिवस गच्चीवर छत्री घेऊन बसली होती. छत्री घेऊन कोन व्हिटॅमिन घेतो?”

बाळनी खूप विचार केला. “आमच्याकडे परवा रात्रभर किसणीचा आवाज येत होता,” ते म्हणाले.

दोघेही एकदम उठले आणि जाण्याची परवानगी होती तिथपर्यंत खाली सरकून, कान लावून उभे राहिले.

*

रंभाआत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. काळुरामांची आत्या, वाडीतली सगळ्यात थोरली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. कासोटा मारलेलं लुगडं, कपाळाला आडवं कुंकू आणि वर तो गॉगल, त्यामुळे कोटायपेक्षा हिलाच आधी नमस्कार करावासा वाटे. दोन्ही बाजूंना वाडीच्या बायका ओळीने बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या वर्षभर ऐकलेली काचेची पेटी आठवत उर्वीला निरखून पाहत होत्या.

“नाक दिशाचाच हाय,” एक म्हणाली.

“अगदी,” शुभदाताई घाईने म्हणाल्या, आणि सासूबाईंच्या नाकाची मनातल्या मनात माफी मागितली.

कोटाय म्हणजे कोनाड्यातला एक गुडघाभर दगड. शेंदराचे इतके थर, की नाकडोळे कधी होते की नव्हते, सांगता येत नाही. बाळचं मत होतं की तो देवळाच्या खांबाचा तुटलेला तुकडा आहे. हे मत त्यांनी कमळाबाईंपुढे एकदाच मांडलं होतं.

रंभाआत्याने तळवा पुढे केला. “आन नाल.”

दोन हात पुढे आले.

एका हातात सोडलेली लाल पुरचुंडी होती. दुसऱ्या हातात चष्म्याची केस होती, उघडलेली, कापूस बाजूला सारलेला. वेळेचं भान आणि चित्ताची तयारी दोघी विहिणींची अगदी सारखी, एका क्षणाचाही फरक नाही. दोन्ही वस्तू रंभाआत्याच्या तळव्यावर शेजारी शेजारी पडल्या.

कमळाबाईंनी शुभदाताईंकडे पाहिलं. शुभदाताईंनी कमळाबाईंकडे पाहिलं. मग त्या कापसाकडे, मग हळदीकडे. आणि मग शुभदाताईंच्या चेहऱ्यावर, गाडीतला वास कुठून येत होता ते कळल्याचा प्रकाश पडला.

“एक पोर,” रंभाआत्या सावकाश म्हणाली. “दोन नाल.”

“त्याचं असं आहे,” शुभदाताई पुढे सरसावल्या. बँकेत तीस वर्षं काउंटर सांभाळलेली बाई. गिऱ्हाइकापुढे गडबडायचं नाही हे अंगात मुरलेलं. “आमच्याकडे नाळ अर्धी करतात. अर्धी माहेरी, अर्धी सासरी. जुनी पद्धत आहे.”

“अशी पद्धत कुठेच नाही,” वरून बाळचा आवाज आला.

“तुम्ही तटबंदी बघा!” शुभदाताई ओरडल्या.

“हां, अर्धी अर्धी,” कमळाबाईंनी टेकू दिला. “आमाला पन बोलल्या होत्या विहीनबाय. मीच इसरली. लई शिकलेली मानसं हायत, त्यांचं सगलं मापान असते.” आणि त्यांनी शुभदाताईंचा हात धरला. लग्नात सूनमुख बघताना धरला होता, त्यानंतर आजच.

ओळीतल्या बायकांत खसखस पिकली. रंभाआत्याने तळवा नाकाशी नेला. डोळे चालत नव्हते, पण ती जन्मभर मासळी वाळवलेली बाई. एक तुकडा हुंगला. मग दुसऱ्याचा कोपरा दाताखाली धरून पाहिला आणि चघळला.

“यो बोंबील,” ती म्हणाली. “आन् ही सुंठ. च्यामदली.”

आता कुणीच हसलं नाही. म्हणजे हसू आलेलं, सगळ्यांना. पण गॉगलमधून काही दिसत नसताना म्हातारी नेमकी कमळाबाईंच्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे ते घशातच राहिलं. वरच्या पायरीवर काळुरामांच्या हातातला नारळ निसटला आणि टणटणत दोन पायऱ्या खाली आला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

“आते, ते—” कमळाबाई म्हणाल्या.

“तुला नाय विचारलं.” रंभाआत्याने दोन्ही तुकडे कोटायपुढच्या पानावर ठेवले, नीट, शेजारी शेजारी. “नाल असो नाय तर नसो. कवा उंदीर नेते, कवा डबी हरवते. मी आक्षी खोबऱ्याचा तुकडा पन सोडलाय पान्यान. इचारायचं ते इचारीनच. दिशा, ये गो पुढं.”

दिशा उर्वीला घेऊन पुढे आली. उर्वीला गॉगल आवडला होता. ती दोन्ही हात पुढे करून झेपावत होती.

“कोनाचे पोटची?”

गाडीत, रस्त्यात, पायऱ्यांवर, दिशाने याच क्षणाची तयारी केलेली. मान ताठ ठेवायची आणि गप्प राहायचं. नाही बोलणार. बस. पण आत्ता तिला दिसत होती ती तिची आई, रिकामं लाल कापड अजून पुढे धरून उभी राहिलेली, वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखी. भाकऱ्या थापता थापता हसत राहिलेली. दोन दिवस छत्री घेऊन बोंबील राखणारी. हे सगळं हिने कुणासाठी केलं? आणि ती दुसरी, जी घरात लसणाच्या चटणीलासुद्धा वेगळा डबा ठेवते, ती रात्रभर सुंठ किसत बसलेली. उद्यापासून या ओळीतली प्रत्येक बाई आयेला अंगणात गाठून विचारणार होती. आणि वाचवायला एकच शब्द पुरेसा होता.

झोपवताना सांगायची ती गोष्ट तिने मनात गुंडाळून बाजूला ठेवली. रात्री उर्वीची माफी मागू, असं ठरवलं.

“बोल गो,” रंभाआत्या म्हणाली. “पानी चढतंय. कोनाचे पोटची?”

दिशाने श्वास घेतला. “माझ्—”

तिच्या तोंडावर एक हात येऊन बसला. हळदीचा, घामाचा, बोंबलाचा वास असलेला, खरखरीत, कमळाबाईंचा.

“नको बोलू,” कमळाबाई म्हणाल्या. “तू नको.”

लेकीच्या तोंडावरचा हात त्यांनी काढला नाही. दुसऱ्या हाताने उर्वीला ओढून आपल्या कडेवर घेतलं, पदर सावरला, आणि एकदा त्या दगडाकडे, एकदा ओळीने बसलेल्या बायकांकडे पाहिलं, एकेकीच्या चेहऱ्याकडे, कुणाला वगळलं नाही. शुभदाताई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की खांद्याला खांदा लागला.

“पोटची नाय, आते,” कमळाबाई म्हणाल्या. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या पुरुषांनाही ऐकू गेलं इतक्या मोठ्याने. “दत्तक हाय. आमी सगल्यांनी जाऊन तिला आनलीय.”